एम.एस.नंतर सुपरस्पेशालिटी निवडताना: आधी गाव ठरवा, मग शाखा

एम.एस. जनरल सर्जरी या पदव्युत्तर पदवीचा निकाल लागल्यावर प्रत्येक तरुण सर्जनला घरचे, दारचे आणि विभागातले सगळे एकच प्रश्न विचारतात: "आता पुढे काय?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा तीन गोष्टींवरून ठरते. नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या (म्हणजे एम.एस.च्या पुढच्या एका शाखेच्या) प्रवेशपरीक्षेतला क्रमांक, वरच्या बॅचचे सल्ले आणि त्या वर्षी ज्या शाखेला भाव असेल ती शाखा. मी जिल्ह्याच्या ठिकाणी जनरल सर्जन म्हणून काम करतो. सुट्टीत भेटायला येणाऱ्या रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या) मुलामुलींशी जे बोलतो, तेच येथे लिहीत आहे. भारतासारख्या देशात 'आधी शाखा, मग ती चालेल असे शहर' हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत झाले आहे. आपण कोठे बसणार, तेथे कोणते रुग्ण येतात आणि तेथे रात्री दोन वाजता आपल्या मदतीला कोण असते, हे आधी ठरवावे. शाखा त्यातूनच निघते, आणि कधीकधी असेही निघते की आपल्याला पूर्ण सुपरस्पेशालिटीची गरजच नाही.

२०१५ मध्ये लॅन्सेट आयोगाने जागतिक शस्त्रक्रियेचा जो अहवाल मांडला, त्यात जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया व भूल वेळेवर मिळत नाही आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची गरज आहे, असे म्हटले होते. एखादे रुग्णालय कामाचे आहे की नाही हे ओळखण्यासाठी त्या आयोगाने तीन शस्त्रक्रिया निवडल्या: पोट उघडून करावी लागणारी तातडीची शस्त्रक्रिया, सिझेरियन आणि उघड्या फ्रॅक्चरवरील उपचार. या तिन्हींपैकी एकीलाही सुपरस्पेशालिस्ट लागत नाही. सुपरस्पेशालिटी करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. तिचा पाया कोणता असावा, एवढेच यातून कळते.

रजिस्टरपासून सुरुवात करा

ज्या भागात पुढची वीस-पंचवीस वर्षे काढण्याचा विचार आहे, तेथील जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयातले, किंवा ओळखीच्या ज्येष्ठ सर्जनकडचे, एका वर्षाचे ऑपरेशन रजिस्टर रीतसर परवानगी घेऊन वाचा. नावे उतरवून घ्यायची नाहीत. वय, निदान, शस्त्रक्रिया, भुलेचा प्रकार आणि वेळ एवढेच वहीत टिपायचे. पदव्युत्तर शिक्षणात आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, आणि बहुतेक रेसिडेंट ते तीन महिने नीट-एसएसच्या अभ्यासासाठी मिळालेली सवलत समजतात. त्यांतले चार दिवस रजिस्टरला दिले तर पुढच्या निर्णयाला जेवढा आधार मिळेल, तेवढा कोणत्याही कोचिंगच्या समुपदेशनातून मिळणार नाही.

रजिस्टरमध्ये हर्निया, हायड्रोसील, ॲपेंडिक्स, मूळव्याध, भगंदर, गळवे, मधुमेही पाय आणि आतड्याला पडलेली छिद्रे हेच भरभरून दिसेल. पण रजिस्टर अर्धीच गोष्ट सांगते, कारण जे रुग्ण दारातूनच पुढे पाठवले गेले ते त्यात नसतात. त्यांच्यासाठी कॅज्युअल्टीतले रेफर रजिस्टर पाहावे आणि १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाशी चहा घेत बोलावे. कोणत्या आजाराचा रुग्ण कोणत्या शहराला जातो आणि वाटेत काय होते, हे त्याला तोंडपाठ असते.

मग नोंदींचे तीन ढीग करा. पहिल्यात आज येथेच होणारी कामे. दुसऱ्यात, आज बाहेर पाठवली जातात पण एक कौशल्य आणि एखादे यंत्र असते तर येथेच झाली असती अशी कामे. तिसऱ्यात, बाहेर पाठवणेच योग्य अशी कामे. तिसऱ्या ढिगाबाबत मनात किंतु ठेवू नका. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्वादुपिंड काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू, अशा केसेस फार कमी होणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के आणि भरपूर होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के होते. अन्ननलिका, स्वादुपिंड, यकृताचे मोठे भाग ही कामे वर्षाला दोन-तीन करण्याची नसतात, मग हात कितीही चांगला असो. शाखा ठरवायची ती दुसऱ्या ढिगावरून. त्यात साधारणपणे मुतखड्याने तुंबलेल्या किडन्या, मूत्रमार्ग अरुंद झालेले रुग्ण, स्तनातील गाठी, लहान मुलांचे हर्निया आणि न उतरलेली वृषणे, भाजल्यानंतर आखडलेले हात आणि दुर्बिणीतून होऊ शकली असती अशी पित्ताशये सापडतात.

हाताआधी हाताभोवतीची माणसे मोजा

अन्ननलिका जन्मतःच बंद असलेल्या नवजात बाळाचे उदाहरण घ्या. बालशल्यतज्ज्ञाला ती नलिका जोडता येते, पण बाळ जगते ते नवजात अतिदक्षता विभागातील व्हेंटिलेटरवर, लहान बाळांना भूल देण्याची सवय असलेल्या भूलतज्ज्ञावर आणि दर तासाला ट्यूब स्वच्छ करणाऱ्या सिस्टरवर. ही माणसे जेथे नाहीत तेथे बसलेल्या बालशल्यतज्ज्ञाचे हात बांधलेले असतात आणि पाच वर्षांत तो शहरात परततो. म्हणून प्रत्येक शाखेसमोर काही प्रश्न लिहावेत. भूल कोण देणार, आणि तो रात्री येईल का? रक्तपेढी किती मिनिटांवर आहे? गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट किती दिवसांत मिळतो? शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन रात्री रुग्णाजवळ कोण असणार? ज्यांचा जोडीदार भूलतज्ज्ञ आहे त्यांचे निम्मे प्रश्न लग्नातच सुटलेले असतात. आपल्याकडची तालुक्याची कित्येक रुग्णालये अशीच उभी राहिली आहेत.

दुसऱ्या ढिगातले काम म्हणजे काय, हे एका रात्रीच्या हकिकतीवरून सांगतो. चाळिशीतील एक शेतकरी बाई थंडीताप आणि उतरलेला रक्तदाब घेऊन आली. सोनोग्राफीत डाव्या मूत्रनलिकेत खडा आणि त्यावरच्या तुंबलेल्या किडनीत पू दिसत होता. शहर अडीच तासांवर होते. प्रतिजैविके सुरू केली, भूलतज्ज्ञ आले आणि बाईला टेबलावर घेतले. मूत्राशयात दुर्बीण घालून डाव्या मूत्रनलिकेच्या तोंडात बारीक तार सरकवली. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर ती वर चढताना दिसते, खड्याशी येऊन अडते, वाकते, आणि हातातल्या हातात किंचित फिरवली की खड्याच्या कडेने निसटून किडनीत वेटोळे घालते. त्या तारेवरून डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी) वर ढकलला आणि तार काढताक्षणी स्टेंटच्या खालच्या तोंडातून घट्ट पिवळा पू मूत्राशयात उतरू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. खडा तीन आठवड्यांनी शहरातल्या यूरॉलॉजिस्टने काढला, आणि तेच योग्य होते. ती तार चढवण्यासाठी मला एमसीएच (सुपरस्पेशालिटीची पदवी) करावे लागले नव्हते. एका ज्येष्ठ यूरॉलॉजिस्टच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सहा महिने उभे राहावे मात्र लागले होते. प्रत्येक शाखेत असे एक पहिले पाऊल असते, ज्यामुळे जीव वाचतो आणि उरलेले काम सवडीने योग्य ठिकाणी करता येते.

वाटा कोणत्या आहेत

गावाचा आणि गरजेचा अंदाज आल्यावर वाट निवडणे सोपे जाते. पूर्ण वाट म्हणजे एमसीएच किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे डीआरएनबी. दोन्ही एम.एस.नंतर तीन वर्षांची आहेत आणि दोन्हींचे प्रवेश नीट-एसएसमधून होतात. एम्स, चंदीगडचे पीजीआय, जिपमर यांसारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा आहे. यूरॉलॉजी, प्लास्टिक, कर्करोग, बालशल्य, मेंदू, हृदय व छाती, पोटाच्या शस्त्रक्रिया या प्रमुख शाखा होत. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे.जे., कर्करोगासाठी टाटा मेमोरियल, विदर्भात नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाला जोडलेले सुपरस्पेशालिटी रुग्णालय ही ठिकाणे महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या यादीत असतातच.

परीक्षेच्या नियमांबाबत कोणाच्याही सांगण्यावर विसंबू नका आणि त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः पहिल्या पानापासून वाचा. २०२१ मध्ये परीक्षा तोंडावर आली असताना प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलण्यात आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने कठोर शब्द वापरले आणि शेवटी बदल २०२२ वर ढकलला गेला. त्या मधल्या काही आठवड्यांत मुलांची जी दैना झाली ती मी जवळून पाहिली आहे. हृदयशल्य आणि बालशल्य यांच्या जागा अलीकडे रिकाम्या राहतात, त्यामुळे कमी क्रमांकावरही त्या मिळतात. पण मिळते म्हणून घेतलेली शाखा तीन वर्षेच नव्हे तर आयुष्यभर सांभाळावी लागते. बाँडचा कागदही सही करण्यापूर्वी नीट वाचावा. महाराष्ट्रात शासकीय जागेवर सुपरस्पेशालिटी केल्यावर सक्तीची सेवा आहे आणि ती टाळल्यास भरावी लागणारी रक्कम मध्यमवर्गीय घराला पेलणारी नाही. एमबीबीएस, एम.एस., एमसीएच आणि दोन बाँड धरले तर पहिले स्वतंत्र ऑपरेशन स्वतःच्या पाटीखाली करेपर्यंत वयाची तिशी मागे पडलेली असते. हा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडावा.

मधली वाट म्हणजे फेलोशिप, एका कौशल्यापुरते कमी काळाचे प्रशिक्षण. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी आहे, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे फेलोशिप अभ्यासक्रम आहेत आणि अनेक रुग्णालयांच्या स्वतःच्या फेलोशिपही आहेत. या शेवटच्या गटाबद्दल सावध राहा, कारण त्यांतल्या काही ठिकाणी फेलो म्हणजे सुशिक्षित वॉर्डबॉय असतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या संघटनांच्या एफएमएएस, एफआयएजीईएस यांसारख्या परीक्षा आणि त्यांच्या जोडीचे काही दिवसांचे कोर्स उपयोगी आहेत, परंतु त्यांतून माहिती आणि शिस्त मिळते, हात तयार होत नाही. जांघेतील हर्निया दुर्बिणीतून करण्याचा हात बसायला पन्नास ते शंभर केसेस लागतात असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि त्या केसेस कोणाच्या नजरेखाली होणार, हे नावामागे अक्षरे जोडण्यापूर्वी ठरलेले असावे.

या वाटेला कमी लेखू नये. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी केली. ते जनरल सर्जन होते आणि त्याआधी जवळजवळ दोन दशके निदानासाठी दुर्बीण वापरत होते. एक हत्यार घेऊन ते आपल्या नेहमीच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे वापरत राहणे, ही उपविशेषतेची जुनी आणि अजूनही चालणारी रीत आहे.

विभाग निवडताना

विभागप्रमुखांचे नाव आणि रुग्णालयाची इमारत पाहून जागा निवडू नका. गेल्या दोन वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या दोघांना तरी फोन करा आणि "किती केसेस होतात?" असे न विचारता "तू स्वतः मुख्य सर्जन म्हणून किती केल्यास, आणि तेव्हा टेबलापलीकडे कोण उभे होते?" असे विचारा. लॉगबुक (केलेल्या केसेसची नोंदवही) दाखवायला कोणी खळखळ केली तर ते उत्तरच समजावे. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात दोन वर्षे रोबोटिक फेलोशिप करून आलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याने रोबोटचे हात रुग्णाला जोडण्याचे काम शेकडो वेळा केले होते आणि पित्ताशय उघड्या पद्धतीने एकदाही काढले नव्हते. दोष त्याचा नव्हता. पण जिल्ह्यात दुर्बिणीचे काम करताना चिकटलेल्या पित्ताशयापाशी थांबून पोट उघडण्याची वेळ येते तेव्हा तो आपल्या हातांकडे पाहत राहणार, हे उघड होते. तेथे थांबले नाही तर पित्तनलिका तुटू शकते, आणि ती तुटलेला रुग्ण वर्षानुवर्षे ते दुखणे वागवत असतो.

म्हणून प्रशिक्षण काळात दोन गोष्टी हट्टाने शिकून घ्या. पहिली, यंत्राशिवायचे काम. आतडे स्टेपलरने जोडताना पाहिलेत तर पुढची जोडणी हाताने टाके घालून करू द्या, अशी विनंती करा, कारण गावातल्या रुग्णाला स्टेपलरचे पैसे औषधांच्या बिलापेक्षा जड जातात. दोंडाईचा (जि. धुळे) येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरण्याचा प्रयोग केला आणि अनेक केंद्रांवरील अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध केला. युगांडातील सुमारे तीनशे पुरुषांवर स्वस्त आणि नेहमीच्या जाळीची तुलना करणारी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि वर्षभरानंतर दोन्हींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. उद्या बाजारातून मच्छरदाणी आणून कापायची, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कापडाचा प्रकार, निर्जंतुकीकरण आणि परवानगी हे सगळे त्यात आले. पण वस्तूच्या किमतीवर विचार करणे हाही विशेषज्ञाच्या कामाचाच भाग आहे, हे टोणगावकरांनी तालुक्याच्या गावात बसून दाखवले.

दुसरी गोष्ट, सुरीबाहेरचे काम. स्तनातल्या गाठीचेच पाहा. आमच्याकडे अजूनही कोठेतरी गाठ "काढून टाकलेली" बाई येते. आधी सुईने तुकडा घेतलेला नसतो आणि काढलेली गाठ तपासणीला गेलेली नसते, किंवा गेली तर सलाईनच्या बाटलीत दोन दिवस राहून खराब झालेली असते. कर्करोग शल्यविभागात शिकताना मोठ्या शस्त्रक्रियेला असिस्ट करण्याइतकेच महत्त्व या गोष्टींना द्या: कोअर बायोप्सीची सुई कशी धरायची, तुकडे १० टक्के फॉर्मेलिनच्या रुंद तोंडाच्या बाटलीत गाठीच्या निदान दहापट द्रव घालून कसे ठेवायचे, बाटलीच्या झाकणावर नव्हे तर अंगावर नाव, बाजू आणि वेळ कशी लिहायची, ईआर, पीआर आणि हर-टू या गाठीच्या तुकड्यावरील चाचण्यांचा रिपोर्ट कसा मागायचा, आणि कोणत्या बाईला शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी हवी. २०१२ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग केंद्रांच्या जाळ्याची उपचारसूत्रे सर्वांना खुली आहेत. एवढे येणारा जनरल सर्जन जिल्ह्यातल्या बायकांसाठी जे करू शकतो, ते महिन्यातून एकदा येणारा व्हिजिटिंग तज्ज्ञ करू शकत नाही.

डॉ. नोशीर अंतिया यांचेही उदाहरण मुलांना द्यावेसे वाटते. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरी शिकून आल्यावर त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर आणि बसलेल्या नाकांवर काम सुरू केले, आणि पुढे सार्वजनिक आरोग्याकडे वळले. शाखा तीच, पण तिच्यासमोर आणून बसवलेला रुग्ण त्यांनी स्वतः निवडला.

परतल्यावर

पदवी हाती आली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अतिरिक्त अर्हतेची नोंदणी करावी, पाटी त्यानंतर रंगवावी. ज्या शाखेची विशेष अर्हता नाही त्या शाखेचा तज्ज्ञ असल्याचा दावा करू नये, असे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. सी-आर्मसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि सोनोग्राफी यंत्रासाठी पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान प्रतिबंध) कायद्याखालील नोंदणी लागते, आणि या दोन्हींना यंत्र पोहोचण्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या पॅकेजला कोणत्या अर्हतेचा सर्जन लागतो, हे कर्ज काढण्याआधी पाहावे. संमतिपत्राबाबत समीरा कोहली प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल लक्षात ठेवा: दुर्बिणीने तपासण्याची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. दुर्बिणीने सुरू केलेले काम पोट उघडून पूर्ण करावे लागू शकते, हे वाक्य मराठीत, रुग्णाला समजेल असे, आधीच लिहून घ्या.

पहिल्या वर्षी सुपरस्पेशालिस्टने जनरल सर्जरीचे रात्रीचे कॉल बंद करू नयेत. दोन वर्षे ॲपेंडिक्स न पाहिलेला यूरॉलॉजिस्ट लहान शहरात अडचणीत येतो आणि रुग्णालाही आणतो. आजूबाजूच्या तालुक्यांत व्हिजिट सुरू करायची असल्यास शस्त्रक्रियेनंतर तेथे रात्री कोण पाहणार, हे त्या डॉक्टरांशी लेखी ठरवावे; रविवारी टाके घालून सोमवारी दुसऱ्या जिल्ह्यात असलेला सर्जन रुग्णाच्या पाचव्या दिवसाच्या तापाला उपयोगाचा नसतो. रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात टक्केवारी मागितली जाईल. पहिल्याच वेळी नकार दिल्यास काही महिने ओपीडी रिकामी राहते, हे मी अनुभवले आहे, आणि नंतर ती भरते हेही.

शेवटी एका वहीबद्दल. घातलेल्या प्रत्येक डीजे स्टेंटसाठी वेगळे रजिस्टर ठेवा: तारीख, बाजू, काढण्याची तारीख, रुग्णाचा आणि घरातल्या आणखी एकाचा मोबाइल क्रमांक. स्टेंट साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. ताप उतरला की माणूस शेतात जातो आणि आत नळी आहे हे विसरतो, आणि दोन वर्षांनी परत येतो तेव्हा त्या नळीवरच खडा बसलेला असतो. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी सिस्टर ती वही उघडून फोन करतात. ज्याचा फोन लागत नाही त्याच्या गावच्या आशाताईंना निरोप जातो, आणि माणूस येऊन नळी काढून जाईपर्यंत त्याच्या नावापुढची चौकट रिकामीच ठेवली जाते.